चढलेली तार

पुण्याच्या मुलांबरोबर आमच्या मुलांचा एकत्र कार्यक्रम ठरला, तेव्हा मी पालकांना सांगितलं होतं, "कपड्यांची काळजी तुम्ही करा, सुरांची माझ्यावर सोडा." सगळे हसले होते. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मला तर नव्हतंच.

मी नाशकात गंगापूर रोडला, आमच्या राहत्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीत लहान मुलांना व्हायोलिन शिकवते. सुझुकी पद्धतीनं. हे नाव काढलं की नवीन पालकांना हमखास गाडी आठवते. मग मी त्यांना विचारते, तुमचं मूल बोलायला कसं शिकलं? आधी व्याकरण शिकवलंत का? मूल घरात जे कानावर पडतं ते ऐकतं, चुकत चुकत बोलतं, आणि बघता बघता आईच्याच हेलात बोलायला लागतं. व्हायोलिनही तसंच शिकायचं. कागदावरचे सूर वाचणं नंतर. आधी घरात रोज त्याच त्या धुना लावून ठेवायच्या, मूल जेवत असो, खेळत असो. आई नाहीतर बाबांनी वर्गात मुलाशेजारी बसायचं आणि स्वतःही शिकायचं. अगदी लहानांना तर सुरुवातीला खरं व्हायोलिन देतच नाही. बिस्किटाच्या खोक्याला लाकडी पट्टी चिकटवून देते. ते हनुवटीखाली धरून नीट उभं राहता आलं, की मग पुढचं.

या पद्धतीत मूल शिक्षकाची नक्कल करतं. शिक्षकाचं चांगलं तेही उचलतं, वाईट तेही. हे मी दर वर्षी नव्या पालकांना समजावून सांगत आले. माझ्या बाबतीत त्यातल्या दुसऱ्या भागाचा मी कधी विचार केला नाही.

मला माझ्या कानाचा गर्व होता. माझे वडील मांडी घालून, आपल्या हिंदुस्थानी पद्धतीनं व्हायोलिन वाजवायचे आणि तारा कानानंच लावायचे. यंत्रावर तार लावणाऱ्याला ते वाजवणारा मानायचेच नाहीत. तोच ताठा माझ्यात उतरला. स्वयंपाकघरात चहा टाकत असताना मी आतूनच सांगायचे, "दुसरी तार उतरलीय बघ," आणि बाहेर पालक एकमेकांकडे बघायचे. ते मला फार आवडायचं. फोनवर तारा लावायचं ॲप निघालं तेव्हा मी वर्गात म्हटलं होतं, "ती कुबडी आहे. पाय धड असताना कुबडी कशाला?"

रविवारी सकाळी सगळ्यांचा एकत्र वर्ग असतो. त्याआधी मुलं रांगेत उभी राहायची आणि मी एकेकाचं छोटं व्हायोलिन घेऊन डाव्या खांद्यावर धरायचे, गज फिरवायचे, खुंट्या पिळायचे. जाड तारेपासून सुरुवात, शेवटी बारीक तार, सगळ्यात उंच सुराची.

अशाच एका रविवारी एक मुलगी व्हायोलिन परत घेतल्यावर जागची हलेना. सात वर्षांची असेल. तिची आई बँकेत नोकरीला आहे. दोघी स्कूटरवर येतात, मुलगी पुढे उभी राहून आणि व्हायोलिनची पेटी आईच्या पाठीला. मुलीनं बोटानं बारीक तार छेडली आणि म्हणाली, "ताई, ही जरा वर आहे."

मी पुन्हा तपासली. "नाही गं. बरोबर आहे."

"घरच्या गाण्यात खाली असते."

आई ओशाळली. "अगं, ताईंना कळतं ना. गप्प बस."

मी रागावले नाही. रागावले असते तर एक वेळ बरं झालं असतं. मी खाली बसले, तिच्या डोळ्यांना डोळे भिडवले आणि मऊ आवाजात म्हटलं, "कान देऊन ऐकायचं. कान तयार व्हायला वेळ लागतो, बाळा." तिनं मान हलवली. पुढच्या रविवारी ती काही बोलली नाही. त्यानंतर तर बाकीच्या मुलांच्या सुरात सूर मिळवून अगदी व्यवस्थित वाजवायला लागली. तेव्हा मी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. "बघा, हिचा कान कसा तयार झाला."

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी हॉलवर तालीम होती. पुण्याची मुलं घेऊन आलेल्या बाई माझ्याहून वयानं बऱ्याच लहान. शिक्षकांच्या शिबिरात आम्ही एकत्र शिकलो होतो, तेव्हापासून ती मला ताई म्हणते. तिच्याबरोबर पियानोच्या साथीला एक गृहस्थ आले होते. आधी तिच्या मुलांनी वाजवलं. मी पहिल्या रांगेत बसून ऐकत होते. मुलांची उभं राहायची पद्धत छान, गज सरळ, सगळं छान. पण बारीक तारेवर गेली की मला ती उतरल्यासारखी वाटत होती. माझ्या मनात आलं, एवढी मेहनत घेते बिचारी, हिला कुणी सांगितलं कसं नाही? कार्यक्रमानंतर बाजूला घेऊन सांगावं, असंही मी ठरवून टाकलं.

मग दोन्हीकडची मुलं एकत्र उभी राहिली. पहिल्या पुस्तकातली सोपी धून. खालच्या तारांवर सगळं ठीक चाललं होतं. धून वर चढली आणि हॉलमध्ये काहीतरी खरखरलं. ज्यांना संगीतातलं काही कळत नाही अशा आयांनीही माना वर केल्या. दोन मुलांनी वाजवायचं थांबवून एकमेकांकडे बघितलं. पियानोवरच्या गृहस्थांनी हात उचलला.

ती म्हणाली, "एक मिनिट हं. ताई, आपण तारा परत एकदा बघू या का?"

"बघ की," मी म्हटलं. "आधी तुझ्या मुलांच्या बघ. त्या उतरल्यात."

समोर माईक चालू होता. मी बोलले ते हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

तिनं पियानोवर सूर मागितला, आपल्या एका मुलाचं व्हायोलिन घेतलं आणि बारीक तार छेडली. सूर पियानोला जाऊन मिळाला. दुसरं घेतलं, तेही मिळालं. मग तिनं आमच्यातल्या एकाचं घेतलं. तार छेडली आणि माझ्याकडे न बघता फोन माझ्या हातात दिला. त्याच्यावर ते ॲप चालू होतं, मी ज्याला कुबडी म्हटलं होतं ते. काटा मध्यावर नव्हता, उजवीकडे सरकलेला होता. तार चढी होती. मी पुढचं व्हायोलिन घेतलं. काटा तिथंच. त्याच्या पुढचं. तिथंच. मुलं रांगेनं व्हायोलिन पुढे करत होती, पालक खुर्च्यांवर बसून बघत होते, आणि मी मान खाली घालून तो काटा बघत होते.

ती हळूच म्हणाली, "सगळ्यांच्या किती सारख्या लागल्यात, ताई. एकाचाही फरक नाही." तिला मला सावरायचं होतं. ती खरंच चांगली आहे. पण ते वाक्य ऐकून मला वाटलं, जमीन दुभंगावी.

तिनं सगळ्या तारा खाली आणल्या. मुलांनी वाजवून बघितलं आणि एक मुलगा माझ्याकडे धावत आला. "ताई, त्यांनी तार बिघडवली. उतरली बघा." त्याच्यामागून आणखी दोघं. त्यांना खरंच तसं ऐकू येत होतं. मी त्यांना शिकवलं होतं तेच त्यांना बरोबर वाटत होतं. मी म्हटलं, "नाही, आता बरोबर आहे." पण माझ्या स्वतःच्या कानाला ती उतरलेलीच वाटत होती, त्यामुळे माझ्या बोलण्यात जोर नव्हता, आणि मुलांना तो खोटेपणा लगेच कळतो.

संध्याकाळी कार्यक्रम झाला. आमची काही मुलं बारीक तारेवर गेली की बोट नकळत पुढे सरकवत होती, सूर पुन्हा माझ्या जागी आणून ठेवत होती. काही गोंधळून गज नुसताच फिरवत होती. टाळ्या पडल्या. लहान मुलांच्या कार्यक्रमाला टाळ्या पडतातच. मी विंगेत उभी होते. शेवटी सत्काराला माझं नाव पुकारलं तेव्हा मी पुढे गेले, नारळ घेतला आणि कुणाकडे न बघता परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला मी नवऱ्याला विचारलं, "काल तुम्हाला काही जाणवलं का?" ते सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेत. मशीनच्या आवाजात जन्म गेला.

"मला त्यातलं काय कळतं," ते म्हणाले. पोहे संपवले. मग म्हणाले, "कुकरची शिट्टी मात्र तुला बऱ्याच दिवसांत ऐकू आलेली नाही. गॅस मीच बंद करतो."

"मग सांगितलं का नाही?"

"तुला? कानाबद्दल?"

ते हसले नाहीत. डिश उचलून आत गेले.

कानाच्या डॉक्टरांकडे मला एका बंद खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावले, हातात बटण दिलं. सूर ऐकू आला की बटण दाबायचं. मी बसून राहिले. यंत्र अजून सुरू झालं नसेल असं मला वाटलं. काचेपलीकडून तपासणी घेणाऱ्या मुलीनं खूण करून विचारलं, बटण चालतंय ना? तेव्हा माझ्या लक्षात आलं, की सूर चालू होते.

डॉक्टरांनी समजावलं. वयानं दोन्ही कान थोडे गेलेत, पण डावा जास्त. इतकी वर्षं व्हायोलिन डाव्या कानाखाली वाजलं, त्याचाही हात असेल. आणि उंच सूर डाव्या कानाला आहे त्यापेक्षा खालचे ऐकू येतात. त्यांनी एकच सूर आधी उजव्या कानात दिला, मग डाव्या. मला दोन वेगळे सूर ऐकू आले. "दोन्ही एकच आहेत," ते म्हणाले. तारा मी डाव्याच कानाशी धरून लावायचे. त्या कानाला पटेपर्यंत तार वर चढवायचे, आणि पटली की पोरांच्या हातात द्यायचे.

पालकांना सांगणं भाग होतं. पुढच्या रविवारी मुलांना खाली सोसायटीच्या बागेत पाठवलं आणि सगळ्यांना पुढच्या खोलीत बसवलं. सांगायचं ते मी घरी पाठ केलं होतं. आयत्या वेळी त्यातलं अर्धंच आठवलं. कानाचं सांगितलं, तारांचं सांगितलं. मग एका मुलाच्या वडिलांनी विचारलं, "म्हणजे इतके दिवस मुलं चुकीचं शिकली?"

"बारीक तारेपुरतं, हो."

"आणि ते आता त्यांच्या कानात बसलंय."

"हो."

ते भांडले नाहीत. मुलाला बोलावलं, त्याची पेटी उचलली, "येतो ताई" म्हणाले आणि गेले. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. माझ्याच शब्दांत त्यांनी मला विचारलं होतं. मूल जे ऐकतं तेच बोलतं, हे मीच त्यांना सांगितलं होतं.

बाकीचे थांबले. कुणी म्हणालं, वयानं होतंच असं, ताई. कुणी आपल्या आईच्या मोतीबिंदूची गोष्ट सांगितली. त्यांची समजूत घालणारी बोलणी ऐकताना मला त्या वडिलांच्या प्रश्नापेक्षा जास्त अवघडल्यासारखं झालं.

सगळे गेल्यावर बँकेतल्या बाई मागे राहिल्या. बराच वेळ पर्सची चेन उघडझाक करत होत्या. मग म्हणाल्या, "ताई, मी घरी फोनवर तारा लावायचे. तेव्हा ती तार दर वेळी खाली आणायला लागायची. मला वाटलं, माझा फोनच हलका आहे."

"मला सांगायचं ना."

"तुम्हाला कसं सांगणार?"

घरात आणि घराबाहेर, एकच उत्तर. मी असं काय करून ठेवलं होतं की माझ्या कानाबद्दल कुणाला तोंड उघडता येऊ नये? कुबडीचं ते वाक्य या बाईंसमोरच मी बोलले होते.

मुलगी बागेतून वर आली होती. मी तिला जवळ बोलावलं. म्हटलं, "तू त्या दिवशी म्हणालीस ना, तार वर आहे म्हणून? तू बरोबर होतीस. माझं चुकलं. मी तुला चुकीचं सांगितलं, आणि तू ते शिकलीस. आता ते आपल्याला परत सुधारावं लागेल. त्याला वेळ लागेल."

ती गोंधळली. "पण मी घरी बरोबरच वाजवते."

"म्हणजे?"

"इथे तुमचं वाजवते. घरी गाण्यातलं वाजवते." मला कळलं नाही असं तिला वाटलं असावं, म्हणून तिनं फोड करून सांगितलं. "आम्ही सटाण्याला आजीकडे जातो ना, तिथे 'शे' म्हणतो. इकडे आलं की 'आहे' म्हणतो. तसंच."

"अगं," आई म्हणाली.

मुलीनं व्हायोलिन उचललं. धुनेचा वरचा भाग आधी एका जागी वाजवला, "हे तुमचं," मग बोट जरासं मागे घेऊन, "हे घरचं." मी उजवा कान तिच्याकडे केला. त्या कानाला फरक कळला. फार नाही, पण कळला. दोन्ही तिनं सारखेच स्वच्छ वाजवले होते.

आता अहिराणी ही काही चुकलेली मराठी नव्हे. आजीचं 'शे' हे आजीचं बरोबरच आहे. माझी तार मात्र निव्वळ चुकलेली होती. पण त्या पोरीनं तिला माझी बोली समजून घेतलं आणि माझ्या घरी आल्यावर माझ्यासारखं बोलली, जसं पाहुण्यानं यजमानाच्या घरी वागावं. मला वाईट वाटू नये म्हणून. आणि मी तिच्या त्या समजूतदारपणाला, सगळ्यांसमोर, तिचा कान तयार झाला असं म्हटलं होतं. मी आत जाऊन तिच्यासाठी लाडू आणला. दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

बाकीच्या मुलांना दोन बोली येत नव्हत्या. त्यांना माझीच तेवढी येत होती. ती उतरवायला महिने गेले, आणि दोघातिघांची अजून पुरती उतरलेली नाही. रोज घरी धून ऐकायची, वाजवायची, पुन्हा ऐकायची. आपण ऐकतोय ते चूक आहे असं मुलाला सांगणं फार कठीण असतं. एक लहानगी तर रडली. म्हणाली, "मग तुम्ही शाबास का म्हणालात?" तिची आई तिला बाहेर घेऊन गेली.

कानाचं यंत्र घेतलं. त्यानं माणसांचं बोलणं छान ऐकू येतं; व्हायोलिन मात्र पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं वाजतं. म्हणून शिकवताना काढून ठेवते. तारा आता पालक लावतात, ॲपवर. रविवारी सगळ्यांचे फोन बाहेर निघतात आणि तार जुळली की खोलीभर हिरवे दिवे लागतात. त्या वेळी मी काहीतरी निमित्त काढून आत जाते. नवीन कुणी चौकशीला आलं तर पहिल्याच भेटीत कानाचं सांगते. काही जण ऐकून "विचार करून कळवतो" म्हणतात आणि कळवत नाहीत. उभं कसं राहायचं, गज कसा धरायचा, मनगट कसं सैल सोडायचं, हे मला अजून कुणापेक्षा कमी येत नाही, हे त्यांना सांगावंसं वाटतं. पण ते वकिली केल्यासारखं होईल, म्हणून सांगत नाही.

मुलांचे सूर ऐकायला मी पुण्याच्या बाईंना महिन्यातून एकदा बोलावते. हे मीच तिला फोन करून विचारलं; फोन लावायला मला बरेच दिवस लागले. पहिल्यांदा ती आली तेव्हा मी चहाच्या नावाखाली सगळा वेळ ओट्यापाशी उभी होते. ती आत आली आणि म्हणाली, "ताई, मुलं सारखी दाराकडे बघतायत. तुम्ही बाहेर या."

मी बाहेर जाऊन बसले. त्या दिवशी मुलांचं झाल्यावर मी माझं स्वतःचं व्हायोलिन तिच्यापुढे धरलं. वडिलांनी घेऊन दिलेलं. आजवर त्याच्या खुंट्यांना दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नव्हता. "लावून दे," मी म्हटलं. तिनं फोन काढला नाही, दुसऱ्या कुठल्या वाद्याचा सूरही घेतला नाही. कानानंच लावलं, सावकाश, आणि माझ्या हातात दिलं. मुलं वाट बघत होती. मी ते खांद्यावर घेतलं आणि त्यांची नवी धून वाजवायला सुरुवात केली. बारीक तारेवर गेले तेव्हा ती मला उतरलेली वाटली. बोट पुढे सरकायला बघत होतं. मी ते होतं तिथंच ठेवलं आणि धून शेवटपर्यंत वाजवली.